कमी पैशांत चार माणसांचा महिना: किराणा, भाजी आणि साठवणीचा हिशेब कसा लावायचा

पगार झाला की नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा जवळच्या मार्टमध्ये जायचं, डोळ्यांसमोर येईल ते आठवून घ्यायचं, आणि वीस तारखेनंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव-पाव किलो उधारीवर आणायचं. हात तंग असलेल्या बऱ्याच घरांत हेच चालतं. भाव वाढले हे खरं आहे, पण अशा घरांत नुकसान जास्त होतं ते कामाचा क्रम चुकल्यामुळे. आधी खरेदी होते आणि काय शिजवायचं ते नंतर ठरतं. इथे दिलेला क्रम उलटा आहे: आधी ताट, मग वजन, मग पैसे आणि शेवटी दुकान.

उदाहरणासाठी दोन मोठी माणसं आणि शाळेत जाणारी दोन मुलं असं घर धरलं आहे. महिन्याला खाण्यापिण्यासाठी ९,००० रुपये आहेत असं समजू. भाव दर महिन्याला हलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे नमुना म्हणून घ्या. किलोचे आकडे मात्र बऱ्यापैकी टिकतात.

टप्पा १: खरेदीआधीचा आठवडा, मोजमाप

महिना संपायच्या आठवडाभर आधी ही तयारी सुरू करा. लागते फक्त एक वही आणि एक ठरलेली वाटी. घरात वजनकाटा नसेल तर तूरडाळीचं किलोचं पाकीट फोडल्यावर त्यातून किती वाट्या निघतात ते मोजून वहीत लिहा. तांदूळ, कणीक, साखर यांचंही तसंच करा, कारण एकाच वाटीत प्रत्येक जिन्नसाचं वजन वेगळं भरतं.

मग सात दिवस रोज काय शिजलं, किती वाट्या घेतलं आणि किती उरलं हे लिहा. उरलेलं लिहायला बहुतेकजण विसरतात. रात्री रोज एक वाटी भात आणि दोन पोळ्या उरत असतील तर महिन्याला दोन किलो गहू आणि तेवढेच तांदूळ वाया जात आहेत.

आठवड्याच्या शेवटी सगळे डबे खाली काढा आणि प्रत्येकात काय शिल्लक आहे ते लिहा. मागे पडलेला अर्धा किलो साबुदाणा किंवा पाव किलो चवळी अशा वेळीच सापडते.

*तपासा:* सात दिवसांच्या नोंदीत बाहेरून आणलेली बिस्किटं, शेव, पाव, समोसे आले आहेत का? हे पैसे किराण्याच्या हिशेबात कधीच दिसत नाहीत, म्हणून किराणा कमी करूनही महिना पुरत नाही.

टप्पा २: आठवड्याचं ताट ठरवा

सात दिवसांचे चौदा पदार्थ पाठ करण्याची गरज नाही. दुपार एका साच्यात बसवा आणि रात्रीसाठी सात जागा ठेवा.

दुपार: पोळी, भात, वरण किंवा डाळभाजी, आणि बाजारात त्या आठवड्यात स्वस्त असलेली एक भाजी.

रात्र: दोन दिवस उसळ (मटकी, बरबटी म्हणजे चवळी, हरभरा यांतलं काही), दोन दिवस बेसनाचं (झुणका, पातोडीचा रस्सा, पालकाचं आळण), एक दिवस अंडी, एक दिवस मुगवडीची भाजी किंवा गोळ्यांची कढी, आणि एक दिवस मुगाच्या डाळीची खिचडी. यांतल्या चार रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी ठेवा.

हा साचा नागपूरकडच्या स्वयंपाकाला सहज मानवतो, कारण इथे बेसन आणि डाळीचे पदार्थ भाजीची जागा घेतात. भाजी महागली की झुणका आणि पातोडी ताट सांभाळून घेतात आणि पोटात प्रथिनंही जातात. नुसता बटाट्याचा रस्सा आणि पोळी यात ते होत नाही.

टप्पा ३: ताटावरून किलो काढा

वरच्या साच्याला चार माणसांसाठी महिन्याला साधारण एवढं लागतं:

- गहू १४ किलो. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३० ते ३२ पोळ्या होतात. एका जेवणाला १० पोळ्या धरल्या आहेत.
- तांदूळ ८ किलो.
- ज्वारी ५ किलो. किलोभर पिठाच्या १० ते १२ भाकरी होतात.
- पोहे आणि रवा मिळून २ किलो.
- तूरडाळ अडीच किलो, मूगडाळ, मसूरडाळ आणि चणाडाळ प्रत्येकी १ किलो, कडधान्यं दीड किलो, बेसन १ किलो. एकूण ८ किलो.
- तेल ३ लिटर, फल्लीदाणे (शेंगदाणे) १ किलो, जवस आणि तीळ मिळून अर्धा किलो.
- साखर २ किलो, गूळ अर्धा किलो, चहापत्ती अर्धा किलो, मीठ १ किलो.

यातून टप्पा १ मध्ये डब्यांत सापडलेलं वजा करा. तुमच्या नोंदीतले आकडे वेगळे असतील तर नोंदीवर विश्वास ठेवा. अंगमेहनतीचं काम करणारा माणूस घरात असेल तर धान्य नक्कीच जास्त लागेल. मुलं शाळेत दुपारचं जेवण जेवत असतील तर तेवढे ताट कमी धरा.

*सावधान:* पैसे कमी पडले की पहिला घाव डाळीवर पडतो. वरण पातळ होतं, मग पळीभर पाण्यात डाळ शोधावी लागते. आठ किलोंचा आकडा म्हणजे माणशी दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास, यात फारशी चैन नाही. कपात करायचीच असेल तर साखर, चहा, तळण आणि पाकिटं याच क्रमाने करा. डाळ, दूध आणि अंडी सगळ्यात शेवटी.

तूरडाळ महाग असेल तेव्हा वजन कमी करण्याऐवजी मिश्रण बदला. दोन भाग तुरीत एक भाग मसूर घालून वरण लावलं तर चवीत फार फरक पडत नाही. मसूर लवकर शिजते, म्हणून तूर अर्धा तास आधी भिजवून ठेवा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी मऊ होतात. चार जणांच्या एका वेळच्या वरणाला १५० ग्रॅम डाळ पुरते.

लाखोळीबद्दल, म्हणजे लाखेच्या डाळीबद्दल, स्पष्ट सांगायला हवं. पूर्व विदर्भात ती पिकते, स्वस्त असते, आणि वड्यांना, भज्यांना वापरली जाते. अधूनमधून खायला हरकत नाही. पण तुरीच्या जागी तीच रोजची डाळ करू नका. तिच्यातल्या विषारी घटकामुळे महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांतली शक्ती जाऊ शकते. सुट्या तूरडाळीत आणि बेसनात तिची भेसळही होते. लाखोळीचा दाणा तुरीसारखा गोल नसतो, कडा चौकोनी आणि पाचरीसारख्या दिसतात. डाळ मूठभर ताटात पसरून पाहिली की ओळखू येतो. बेसनात काही दिसत नाही, म्हणून चणाडाळ घेऊन उन्हात तापवून चक्कीवर दळून आणणं बरं.

टप्पा ४: पैशांचे पाच भाग

९,००० रुपयांची वाटणी अशी करता येईल: किराणा ४,०००, दूध १,८००, भाजी आणि फळं २,०००, अंडी किंवा चिकन ६००, राखीव ६००. प्रत्येकाचं पाकीट वेगळं ठेवा. भाजीचं पाकीट पुन्हा चार आठवड्यांत वाटा, ५०० ची एक नोट एका आठवड्याला. मोबाइलवरून पैसे देत असाल तर वहीत त्याच दिवशी लिहा, कारण हातातून नोट गेलेली दिसते, मोबाइलवरून गेलेले दिसत नाहीत.

राखीव ६०० म्हणजे अडीअडचणीचे पैसे नव्हेत. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, नवी तूर हिवाळ्याच्या शेवटी, मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या वेळी हातात रोख असेल तर दोन-तीन महिन्यांचा माल एकदम घेता येतो. रोख नसेल तर तोच माल पावसाळ्यात चढ्या भावाने किलो-किलो घ्यावा लागतो.

टप्पा ५: आधी रेशन, मग दुकान

रेशनचं धान्य उचलण्याआधी किराणा भरणं ही ठरलेली चूक. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. चार जणांच्या प्राधान्य कार्डाचे २० किलो टप्पा ३ च्या यादीतून थेट वजा होतात.

दुकानात अंगठा लावल्यावर यंत्रातून निघालेली पावती मागून घ्या आणि वजन तिच्याशी पडताळा. घरातल्या प्रत्येक सदस्याची ई-केवायसी झाली आहे का तेही विचारून घ्या, ती राहिली तर त्या माणसाचं धान्य बंद होऊ शकतं. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

गहू-तांदळाचं प्रमाण दर वेळी तुमच्या सोयीचं नसतं. तांदूळ जास्त आला तर तीन भाग तांदूळ आणि एक भाग उडीदडाळ भिजवून डोसे करा, थोडा दळून ज्वारीच्या पिठात मिसळा, हिवाळ्यात एखाद्या रात्री गोळाभात करा. तेवढे गहू मात्र किराण्यातून वाढवावे लागतील, ते यादीत लिहा.

*सावधान:* रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे, जरा पिवळट किंवा जास्त पांढरे दाणे असू शकतात. ते प्लास्टिक समजून वेचून फेकू नका. लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले ते दाणे आहेत, साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. तांदूळ फार चोळून धुऊ नका आणि भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून टाकू नका.

टप्पा ६: किराणा कुठून घ्यायचा

इतवारी, मस्कासाथ भागात ठोक भाव मिळतो हे खरं. पण तिथे पाव-पाव किलो घ्यायला जाण्यात अर्थ नाही. यादीतली डाळ, तेल, साखर आणि फल्लीदाणे मिळून बचत किती होते ते काढा आणि त्यातून येण्याजाण्याचं भाडं वजा करा. २५० रुपये वाचले आणि ऑटोला १६० गेले तर अर्धा दिवस कशासाठी घालवला? शेजारच्या एक-दोन घरांनी मिळून डाळीचा आणि तेलाचा माल आणला तर मात्र फायदा सरळ दिसतो.

मार्टमध्ये जायचं तर यादी हातात धरून आणि पोटभर जेवून जा. यादीत नसलेलं काही ऑफरमध्ये असेल तर ते स्वस्त नाही, जास्तीचं आहे.

पाकिटावरची किंमत पाहू नका, किलोचा भाव काढा. किमतीला ग्रॅमने भागायचं आणि हजाराने गुणायचं. सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. तशीच दिसणारी दुसरी पिशवी ८५० ग्रॅमची असू शकते. समजा पहिली १४२ रुपयांना आहे आणि दुसरी १३६ ला. हातात दुसरी स्वस्त वाटते, पण हिशेब केला तर पहिली १५६ रुपये किलो पडते आणि दुसरी १६०. साबण, चहा, पोहे, सगळीकडे हाच खेळ आहे.

*तपासा:* दुकान सोडण्याआधी बिलावरच्या ओळी यादीशी जुळवा. किराण्याच्या पाकिटातून १५० ते २०० रुपये दळणासाठी काढून ठेवले आहेत ना?

टप्पा ७: भाजी

भाजीत पैसा सगळ्यात सहज वाचतो आणि सगळ्यात सहज कुजतो.

आठवड्यातून एकदा मोठी खरेदी आणि मध्ये एकदा फक्त पालेभाजी, एवढंच ठेवा. महालात बुधवार बाजार, सदरकडे मंगळवारी, शिवाय आपापल्या वस्तीतला आठवडी बाजार. कॉटन मार्केटला पहाटे ठोक भाव असतो, पण माप मोठं घ्यावं लागतं, म्हणून तिथे दोन-तीन घरांनी मिळून जावं आणि माल तिथेच वाटून घ्यावा. आठवडी बाजारात अंधार पडू लागला की भाव उतरतो. बटाटे, कोहळं (लाल भोपळा), कोबी, वांगी त्या वेळी बिनधास्त घ्या. पालक, मेथी आणि सांबार (कोथिंबीर) मात्र दिवसभर उन्हात पडलेलं घेऊ नका. एप्रिल-मे मध्ये तर अशी जुडी घरी पोचेपर्यंत काळी पडते.

बाजारात शिरल्यावर लगेच घ्यायला सुरुवात करू नका. एक फेरी मारून तीन ठिकाणचे भाव ऐका. जे ढिगाने सगळीकडे दिसतं तेच त्या आठवड्याचं स्वस्त. हिवाळ्यात वांगी, मेथी, पोपटीच्या शेंगा, तुरीचे सोले, पावसाळ्यात आंबाडी आणि तरोटा, उन्हाळ्यात चिवळ.

पावसाळ्यात टमाटर चढले की त्यांच्यामागे धावू नका. आंबटपणाला चिंच, आंबाडी किंवा ताक आहे. फळं महाग वाटत असतील तर पेरू, केळी आणि हंगामात बारीक आकाराची संत्री घ्या. गोडवा तोच असतो, भाव मोठ्या फळाला जास्त लागतो.

घरी आणल्यावर खाण्याचा क्रम ठरवा. पहिले दोन दिवस पालेभाजी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, ढेमसे, वांगी, गवार. शेवटी कोबी, कोहळं, बटाटे आणि मुगवड्या. सांबार धुऊन ठेवू नका, मुळं कापून कोरड्या सुती कापडात गुंडाळा. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले तर दोन्ही लवकर बिघडतात. पावसाळ्यात कांदे पंधरा दिवसांपुरतेच घ्या.

टप्पा ८: साठवण

स्वस्तात घेतलेल्या धान्याला कीड लागली तर सगळा हिशेब पाण्यात जातो. नागपूरचं एप्रिल-मे मधलं ऊन या कामासाठी उत्तम, आणि जूनच्या मध्यापर्यंत हे काम उरकायलाच हवं.

गहू चाळून, निवडून दोन दिवस कडक उन्हात पसरा. संध्याकाळी गोळा करून रात्रभर घरात थंड होऊ द्या. गरम गहू तसाच कोठीत भरला तर आत वाफ धरते, झाकणाखाली ओल येते आणि महिन्याभरात टोके दिसू लागतात. उन्हात वाळवण्याची मेहनत इथेच वाया जाते. कोठी पूर्ण कोरडी हवी, भरताना काठोकाठ भरा आणि मध्ये पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. पाला ओलसर राहिला तर बुरशी येते.

डाळींना एरंडेल चोळा, दोन किलोला एक लहान चमचा पुरे. रवा कोरडा भाजून ठेवा. कणीक पंधरा दिवसांपेक्षा जास्त दळून आणू नका, पावसाळ्यात तर आठच दिवसांची.

*सावधान:* धान्यात टाकायच्या सल्फाससारख्या गोळ्या घरात कधीही वापरू नका. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेतो, आणि त्याने झोपेत माणसं गेली आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत.

टप्पा ९: चुलीपाशी

तेल दर रविवारी ७०० मिली वेगळ्या बाटलीत ओता. आठवडा तेवढ्यावरच काढायचा. पिशवीतून सरळ कढईत ओतलं की हात सैल सुटतो. तळणाचं उरलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा, त्यातच पुन्हा पुन्हा तळू नका.

दूध आलं की मुलांचं आधी बाजूला काढा, मग चहाचं. बहुतेक घरांत उलटं होतं आणि संध्याकाळी मुलांच्या पेल्यात पाणी वाढतं.

कडधान्य भिजवताना ऋतू पाहा. मूग, मटकीला सहा ते आठ तास, हरभऱ्याला रात्रभर लागते. उन्हाळ्यात हरभऱ्याचं पाणी मध्ये एकदा बदला, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो आणि सगळं टाकावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत मोड येत नाहीत म्हणून लोक कंटाळतात. भिजलेलं कडधान्य फडक्यात बांधून डब्यात, आणि डबा जाड कापडात गुंडाळून ठेवला की दुसऱ्या दिवशी मोड येतात.

डाळ, भात आणि उकडायचे बटाटे एकाच कुकरमध्ये लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा. सकाळच्या नाश्त्याला चार जणांना ३०० ग्रॅम पोहे आणि आदल्या रात्री भिजवलेले मूठभर हरभरे, बिस्किटाच्या दोन पुड्यांपेक्षा पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

टप्पा १०: पंधरा तारखेची आणि शेवटची मोजणी

पंधरा तारखेला डबे पुन्हा काढा. निम्म्यापेक्षा कमी उरलेला जिन्नस वहीत गोल करा. तेव्हा कळलं तर उरलेले पंधरा दिवस सावरता येतात, पंचवीस तारखेला कळून काही हाती लागत नाही. तूर संपत आली असेल तर खिचडीच्या दिवसांत एक वाढवा. तेल संपत आलं असेल तर आठवडाभर वरणाला वरून फोडणी न देता कच्चं तूप किंवा लसणीचं तिखट घ्या.

महिन्याच्या शेवटी प्रत्येक जिन्नसापुढे दोन आकडे लिहा: किती आणलं आणि किती उरलं. तीन महिन्यांत तुमच्या घराची खरी यादी तयार होते. दिवाळीच्या महिन्यात बेसन, तेल आणि साखर वेगळ्या यादीत लिहा आणि त्याचे पैसे राखीव पाकिटातूनच काढा. फराळाचं सामान रोजच्या यादीत मिसळलं की पुढच्या महिन्याची सुरुवात उधारीने होते.